स्पुंगलचे साक्षीदार

नव्या नोकरीत खुर्ची आहे आणि महिना संपायच्या आत ती आपल्या बुडाखाली असेल, असं निनियन रेटीने सोमवारी सकाळी धुरीघरात सगळ्यांना सांगून टाकलं. सगळे म्हणजे मालक आणि तीनशे हॅडॉक मासे. मालक 'बरं' म्हणाला. माशांनी हरकत घेतली नाही.

निनियन धुरीघरात पाच वर्षं उभा होता. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत चिरलेले मासे सळईवर टांगायचे, सळया वर चढवायच्या आणि खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा. मध्ये बसायची सोय नव्हती. बसलेला माणूस भुशाच्या जवळ येतो आणि तासाभरात त्याचाही रंग हॅडॉकसारखा सोनेरी होतो, असं मालकाचं म्हणणं होतं. आधीचा कामगार बसायचा. त्याच्याबद्दल मालक जास्त बोलत नसे. निनियन बसमध्ये चढला की लोक आपुलकीने त्याची चौकशी करत आणि त्याच आपुलकीने खिडक्या उघडत. सव्विसाव्या वर्षी माणसाला एवढी आपुलकी पुरे होते.

खुर्चीची भानगड अशी होती. विद्यापीठाने पोर्टगार्व्हीच्या बंदरावरच्या जुन्या जकातघरात वर्षभरासाठी एक 'शब्दसंग्राहक' नेमायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसांकडून जुने स्कॉट शब्द ऐकायचे आणि वहीत उतरवायचे, एवढंच काम. सोबत हीटर, चहाची सोय आणि खुर्ची. हात असलेली खुर्ची. निनियनने खिडकीतून पाहून खात्री करून घेतली होती. अट एकच. अर्जदाराने कोशात नसलेला एक शब्द आणायचा आणि साठीच्या पुढच्या तीन गावकऱ्यांनी तो ओळखून त्याचा अर्थ स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा. 'स्वतःच्या हाताने' या शब्दांखाली विद्यापीठाच्या डॉ. इशबेल टुलोख यांनी दोनदा रेघ मारली होती.

एक शब्द! निनियनला ही अट नव्हे, बक्षीसच वाटलं. इथे नुसत्या भुरभुर पावसाला इतके शब्द आहेत की पाऊस थांबला तर अर्धं गाव मुकं होईल. संध्याकाळी तो कोश उघडून बसला. ड्रीख, म्हणजे जगायची इच्छा थोडी कमी करणारा ओला करडा दिवस, कोशात होता. चांगला पानभर होता. फँकल, म्हणजे दोरीचा न सुटणारा गुंता, होता. मग त्याने शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी त्याच्या बापाने खास घडवलेली शिवी शोधली. तीही होती, चारशे वर्षांपासून होती, आणि उदाहरणादाखल दिलेलं वाक्य कुत्र्याबद्दलच होतं.

निनियन अंथरुणावर आडवा झाला तेव्हा त्याच्याकडे शून्य शब्द होते.

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, उजव्या हातात सळई आणि डाव्या हातात मासा असताना, त्याला सुचलं. पोर्टगार्व्हीतल्या कुठल्याही घरी जा. पाहुणा दोन्ही मांड्यांवर थाप मारतो, 'चला तर मग' म्हणतो आणि उठतो. इथपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर तो कोट घालून पाऊण तास दारात उभा राहतो. पाऊस आत येतो, ऊब बाहेर जाते, यजमानीणबाईंचा पाय बधिर होतो आणि दारातच दोन लग्नं, एक ऑपरेशन आणि एका छपराचा विषय निघतो. अख्ख्या गावाचं अर्धं आयुष्य या अवस्थेत गेलंय आणि तिला नाव नाही.

"स्पुंगल," निनियन हातातल्या माशाला म्हणाला.

माशाचं तोंड उघडंच होतं. त्याने हा शब्द आधी ऐकला असावा असं वाटत होतं.

आता राहिले साक्षीदार. निनियनचा बेत साधा होता. तीन म्हातारी माणसं गाठायची, प्रत्येकाला दोन मासे द्यायचे, शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, दोनदा पाठ करून घ्यायचा आणि साक्षीचा अर्ज हातात द्यायचा. लबाडी होती, पण चव चांगली असलेली लबाडी होती.

बुधवारी कामावरून सुटल्यावर तो आधी मिसेस जेसी गीडी यांच्याकडे गेला. वय सत्त्याहत्तर. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली, त्यामुळे गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाने लहानपणी पान स्वच्छ केलं होतं की नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या विणत बसल्या होत्या. निनियनने मासे टेबलावर ठेवले, घसा साफ केला आणि म्हणाला, की एक जुना शब्द आहे, स्पुंगल, आणि तो तुम्हाला माहीत आहे असं...

मिसेस गीडींच्या सुया एका टाक्यापुरत्या थांबल्या.

इथे गावाची एक रीत सांगायला हवी. पोर्टगार्व्हीत माणूस चोरी कबूल करील, दुसरं लग्न कबूल करील, पण जुना शब्द माहीत नाही असं कबूल करणार नाही. तसं म्हणणं म्हणजे आपली आजी या गावची नव्हती असं भर चौकात सांगणं. निनियन दोन मैलांवरच्या सँडक्रेगचा. पोर्टगार्व्हीत येऊन त्याला पाचच वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या मोजणीने तो काल दुपारी आला होता. त्याला ही रीत ऐकून माहीत होती. तिची खोली माहीत नव्हती.

"असं काय सांगायचं त्यात?" मिसेस गीडी म्हणाल्या. "माझी आई उठता-बसता म्हणायची."

"हो, पण अर्थ म्हणजे..."

सुई वर झाली. "सँडक्रेगचा पोरगा मला अर्थ शिकवणार?"

निनियनने अर्ज टेबलावर ठेवला आणि निघाला. मासे परत न्यावेत का, हा विचार त्याच्या मनात आला, पण तोवर ते टेबलावर नव्हते.

वुली मेअर, वय एक्याऐंशी, निवृत्त कप्तान, बंदराच्या कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवत होता. त्याने शब्द ऐकला आणि कालच वापरला होता असं सांगितलं. कुणाशी बोलताना, असं विचारल्यावर तो म्हणाला की ऐकणारा आता हयात नाही. बेकरीवाली बेला वॉट, वय त्रेसष्ट, तर हरखलीच. किती वर्षांनी ऐकला म्हणून तिने ॲप्रनला डोळे पुसले आणि निनियनला एक पाव फुकट दिला, जी घटना बेकरीच्या इतिहासात नोंद करण्यासारखी होती. अर्थ शिकायला दोघांपैकी कुणीही थांबलं नाही. निनियन अर्ज ठेवून घरी आला. शिकवायचे कष्ट वाचले म्हणून तो खूश होता. नंतर विचार करताना त्याला वाटलं, की आपलं सगळं चुकलं ते या खुशीत.

शनिवारी बेकरीच्या खिडकीत पाटी लागली: 'अस्सल स्पुंगल. ताजे.' पाटीखाली बारा पाव मांडले होते, मध्येच खचलेले. बेकरीत असे पाव रोज होत असत आणि रोज कोंबड्यांना जात असत.

दहा वाजता मिसेस गीडी ब्रेड घ्यायला आल्या. निनियन रांगेत त्यांच्या मागे होता, त्यामुळे सगळं त्याने जवळून पाहिलं. त्या पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बेला, हे पाव आहेत."

"स्पुंगल आहेत, जेसी. मध्ये बसले की स्पुंगल."

"स्पुंगल म्हणजे पाहुणा हलत नाही तोवर चहादाणीत काळा पडलेला चहा. माझी आई तो कुंडीत ओतायची."

"चहा पातळ असतो," बेला शांतपणे म्हणाली. "स्पुंगल पातळ कसा असेल?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून भांडण पेटलं. वुली मेअर तेवढ्यात आत आला आणि त्याने दोघींनाही वेड्यात काढलं. स्पुंगल ही होडीची गोष्ट आहे; दोर सोडले आहेत, इंजिन चालू आहे, पण कप्तान अजून धक्क्यावरच्या माणसाशी बोलतोय, अशी होडी म्हणजे स्पुंगल. त्याच्या आजोबांची होडी सबंध एक हंगाम स्पुंगल होती. बायकांनी समुद्राच्या शब्दांत पडू नये, असंही तो म्हणाला. त्यानंतर जे बोललं गेलं त्यातले सगळे शब्द कोशात आहेत.

रांगेतून निनियनने हळूच सुचवून पाहिलं, की कदाचित दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्याच्या संदर्भात काही असू शकेल का. तिघांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पंगतीत पाहुण्यांचं पोर काही बोललं तर मोठी माणसं जशी बघतात, तशी ती नजर होती.

रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचनात माणसाच्या आत्म्याचं स्पुंगल होतं तेव्हा काय करावं, हे समजावून सांगितलं. काय करावं ते कुणाला आठवत नव्हतं, पण पुष्कळांना आपलं झालंय असं वाटलं. सोमवारी बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या मंडळात, चहावाल्यांनी पाववाल्यांबरोबर खेळायला नकार दिला. होडीवाले हिरवळीवर उभे राहिले आणि कुणालाच खेळू देईनात. बुधवारच्या साप्ताहिकात 'एक शरमलेली वाचक' या नावाने पत्र छापून आलं, की आपल्या लहानपणी हा शब्द बायकांसमोर उच्चारला जात नसे आणि आता तो पावांवर लिहिलेला पाहून आपण दोन दिवस जेवलो नाही. गुरुवारी शाळेने पालकांना चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत तो शब्द 'तो शब्द' असा लिहिला होता. दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळेतली पोरं दुसरा कुठलाही शब्द बोलत नव्हती.

धुरीघराचा मालक पाववाला निघाला. तो निनियनशी कामापुरतंच बोलू लागला, म्हणजे आधीपेक्षा एक वाक्य जास्त.

निनियनला शब्दाची काळजी नव्हती. शब्द बाळसं धरत होता. त्याला खुर्चीची काळजी होती. अर्थ गोळा होत होते, सहा झाले होते, सातवा टपाल कचेरीत आकार घेत होता, आणि त्यांत त्याचा एकही नव्हता. त्याने आपल्या अर्जात लिहिलेला अर्थ गावात फक्त एका माणसाला मान्य होता, आणि त्याला खुर्ची हवी होती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता डॉ. इशबेल टुलोख बोल्स क्लबाच्या सभागृहात आल्या. बारीक, चष्मेवाल्या, आणि इतक्या आनंदात की त्यांनी कोट काढायच्या आधी वही काढली. एका गावात एका आठवड्यात एका शब्दाचे सहा अर्थ! असा शब्द निदान चारशे वर्षं जुना असणार, त्या म्हणाल्या. सभागृह खच्चून भरलं होतं. चहावाले डावीकडे, पाववाले उजवीकडे, होडीवाले दाराशी, निघतो निघतो करत उभे. निनियनला एकट्याला मधोमध उभं केलं होतं. खुर्च्या संपल्या होत्या.

डॉ. टुलोख यांनी तिन्ही साक्षीदारांचे अर्ज वाचून दाखवले. प्रत्येक वाक्याला एका बाजूने टाळ्या आणि दोन बाजूंनी खोकला आला. मग त्यांनी निनियनचा अर्ज वाचला. 'निरोप घेऊनही दारात उभा राहिलेला पाहुणा, अथवा त्याची अवस्था.' टाळ्या नाहीत. खोकलाही नाही. मागून कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं.

"हा अर्थ तुम्हाला कुठे मिळाला?" डॉ. टुलोख यांनी विचारलं.

निनियनने अर्जात आजीचं नाव घातलं होतं. तेच त्याने सांगितलं.

"आजी कुठल्या?"

"सँडक्रेगच्या."

सभागृहात आठवड्याभरात प्रथमच एकमत झालं. डावीकडून, उजवीकडून आणि दाराकडून एकच लांबलचक 'आऽऽ' निघाला. सँडक्रेग. मग बरोबर. सँडक्रेगवाल्यांना आपल्याकडून चांगली वस्तू गेली की ती तिकडे अशीच वेडीवाकडी होते. वुली मेअरने दाखला म्हणून एका शिडीची गोष्ट सांगितली. डॉ. टुलोख यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि निनियनला त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाशी खुर्ची दूर दूर जाताना दिसली. आधी हात गेले, मग पाठ.

त्याच्याकडे खेळायला आता एकच पत्ता उरला होता. त्याने तो मनात दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि त्याला तो बिनतोड वाटला. शब्द कुणाचा, तर ज्याने घडवला त्याचा. ज्याचा शब्द, त्याचा अर्थ. लबाडी कबूल केली की या सभागृहात स्पुंगलचा अर्थ नक्की माहीत असलेला माणूस एकच उरतो.

"हा शब्द मी बनवलाय," तो म्हणाला. "गेल्याच्या गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, धुरीघरात. त्याआधी तो जगात नव्हता. तुम्हा कुणाच्याही आईने तो ऐकलेला नाही."

बाहेर बंदरावर एक समुद्रपक्षी कुणाचा तरी तळलेला मासा पळवत होता, ते आत ऐकू आलं.

मग मिसेस गीडी उठल्या. त्या चिडल्या नव्हत्या. शाळेत पान अर्धं टाकणाऱ्या मुलाजवळ जात असतील, तशा त्या त्याच्याजवळ आल्या.

"पोरा, माझी आई एकसष्ट साली गेली," त्या म्हणाल्या. "ती तुझ्या मंगळवारी तिथे होती का?"

"नाही, पण..."

"मग तिने कुठे ऐकला?"

निनियनने तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर पोर्टगार्व्हीतल्या साडेतीनशे माणसांसमोर जेसी गीडीच्या मेलेल्या आईला खोटं पाडावं लागणार होतं. त्याने तोंड मिटलं.

"धुराने होतं असं," वुली मेअर मागून समजूतदारपणे म्हणाला. "आधीचा पोरगाही शेवटी शेवटी माशांशी बोलायचा."

बेलाने त्याच्यासाठी खुर्ची मागवली. कुणीतरी उठून दिली. पाच वर्षांत पहिल्यांदाच निनियन भर दिवसा, लोकांसमोर, खुर्चीत बसला, आणि त्याला पाणी प्यायला दिलं गेलं. डॉ. टुलोख यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की यात लाजण्यासारखं काही नाही. लहान वयात एखादा शब्द इतका खोल रुजतो की माणसाला तो आपलाच वाटू लागतो. यावर त्यांचा एक प्रबंधही आहे. मग त्यांनी वहीत लिहून घेतलं. निनियनला उलटं वाचता आलं. 'शब्दाची मुळं इतकी जुनी, की तरुण पिढीला तो स्वतः घडवल्याचा भास होतो.' खाली दोनदा रेघ.

नोकरी मिसेस गीडींना मिळाली. त्यांनी अर्ज केला नव्हता, पण सभा संपता संपता त्यांनी सहज म्हणून अजून अकरा शब्द सांगितले, जे कुठल्याच कोशात नव्हते, आणि सभागृहातल्या प्रत्येक माणसाने ते सगळेच्या सगळे ओळखले. सोमवारी त्या जकातघरात रुजू झाल्या. खुर्ची कडक आहे म्हणून त्यांनी तिच्यावर उशी घातली, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीच बदलून घेतली.

बुधवारी त्या धुरीघरात आल्या, वही घेऊन. त्यांना निनियनची सही हवी होती. कोशाच्या नोंदीत त्याचाही अर्थ जाणार होता, सगळ्यात शेवटी, कंसात: 'सँडक्रेगकडे, चुकीने.' माहिती देणाऱ्याचं नाव असावं लागतं. निनियनने हात पुसून सही केली. निदान नाव तरी छापून येईल, असा विचार त्याने केला. मिसेस गीडींनी आडनाव चुकीचं लिहिलं होतं, पण तेवढ्यासाठी कागद परत मागणं त्याला बरं दिसेना.

त्या गेल्यावर त्याने आईला फोन लावला. जगात एक तरी माणूस खरं बोलणारं असावं, एवढीच त्याची इच्छा होती. आई सँडक्रेगला असते, फटकळ बाई, आयुष्यात तिने कुणाची भीडभाड ठेवली नाही. त्याने सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी विचारलं, की आजी स्पुंगल असं कधीच म्हणाली नव्हती ना?

"कधी नाही?" आई म्हणाली. "दिवसातून दहा वेळा म्हणायची."

निनियनने हातातली सळई खाली ठेवली. भुसा धुमसत होता.

"काय बघून म्हणायची?" त्याने शेवटी विचारलं.

"तुला."

"म्हणजे काय पण?"

तिकडे आईने किटली चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. आई विचार करत होती, की आठवत होती, की आणखी काही, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "आजी गेली बिचारी. आणि मनाने ती वाईट नव्हती रे."